अंतरपाट धरून पाच वर्षं

नमस्कार ताई,

प्रश्न एका कॉमिकचा आहे, हसू नका. मी २६ वर्षांची, सांगलीत नोकरी करते. २०१४ साली दहावीत असताना मी आणि माझी आतेबहीण (तिला मी अक्का म्हणते) 'निसेकोई' ही जपानी मांगा वाचायला लागलो. त्यातल्या दोन नायिकांपैकी ती चितोगेच्या बाजूची, मी ओनोदेराच्या. बारावीच्या वर्षात मी वाचन बंद केलं आणि अक्काला शपथ घातली, की शेवट मला अजिबात सांगायचा नाही. नोकरी लागल्यावर एकेक करत सगळे २५ व्हॉल्यूम घेतले आणि गेल्या महिन्यात संपवले. लहानपणी जिला लग्नाचं वचन दिलं ती ओनोदेराच निघते. आपण तिच्यावर प्रेम करत होतो हे नायक राकू तिच्या तोंडावर कबूल करतो. आणि लग्न करतो चितोगेशी! वर त्या लग्नाचा केक करते कोण, तर ओनोदेरा. मी रात्री दोन वाजता रडले. अक्काला मेसेज केला, तर तिचं उत्तर आलं: "मूग गिळून बसली म्हणून हरली." मी चिडून लिहिलं, "तुला चितोगेच आवडणार. तूही समोर आला त्यालाच हो म्हणालीस." अक्काचं लग्न ठरलंय. तीन आठवडे झाले, बोलणं बंद आहे. येत्या रविवारी तिचं केळवण आमच्याकडे आहे आणि आई म्हणते सगळं तूच बघ. मी इतकी वर्षं मूर्खासारखी चुकीच्या मुलीमागे होते का? हे व्हॉल्यूम विकून टाकू का? आणि अक्काला तोंड कसं दाखवू?

– बिनकिल्लीचं कुलूप

प्रिय बिनकिल्लीच्या कुलपा,

नाही हसले. तुझं पत्र वाचलं, उठले आणि आतल्या कपाटातून पंचविसावा व्हॉल्यूम काढून पुन्हा वाचला. हो, माझ्याकडेही आख्खा संच आहे. लेकीने घेतला, लेक शिकायला परगावी गेली, पुस्तकं माझ्या वाट्याला आली. एका पावसाळ्यात आठवडाभर तापाने पडून होते तेव्हा पहिला उघडला, तो ताप उतरल्यावरही खाली ठेववेना. आणि नंतर पक्षपाताचा आळ नको म्हणून आत्ताच सांगते: मी तुझ्याही बाजूची नाही आणि तुझ्या अक्काच्याही नाही. मी त्यातल्या तिसऱ्या नायिकेच्या, मारिकाच्या बाजूची. तू निदान शेवटच्या व्हॉल्यूमपर्यंत मतमोजणीत होतीस. माझं डिपॉझिट कधीच जप्त झालं होतं.

आम्हा सल्ला देणाऱ्यांना एक वाईट खोड असते. कुणी म्हणालं, कुंडीतलं रोप वाळलं म्हणून रडू आलं, की आम्ही लगेच विचारणार, "घरी सगळं ठीक ना?" तुझ्या पत्रातही मी आधी तेच हुडकलं. तुझाही कुणी राकू असेल, त्याच्याशी तू बोलली नसशील, त्याच्या लग्नाची पत्रिका हातात पडली असेल. तीनदा वाचलं, तसलं काही सापडलं नाही. तुझं दुःख पुस्तकाचंच आहे, तर पुस्तकाचंच बोलू. चार हजारांहून जास्त पानं ज्यांच्यासोबत काढलीस त्यांच्यासाठी रात्री दोनला रडू आलं, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही दिसत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात कथा सांगते, नाहीतर त्यांना आपण दोघी कुठल्या भाऊबंदकीबद्दल बोलतोय ते कळायचं नाही. इचिजो राकू हा याकुझा टोळीच्या म्होरक्याचा मुलगा. किरिसाकी चितोगे ही अमेरिकेहून आलेल्या दुसऱ्या टोळीच्या प्रमुखाची मुलगी. टोळ्यांत रक्तपात होऊ नये म्हणून या दोघांनी तीन वर्षं प्रेमात असल्याचं नाटक करायचं. पहिल्या भेटीतच ती भिंतीवरून उडी मारते आणि तिचा गुडघा याच्या तोंडावर बसतो, इथून सुरुवात. राकूच्या मनात मात्र वर्गातली गोड, लाजरी ओनोदेरा कोसाकी आहे, आणि ओनोदेराच्या मनात राकू. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नाही. राकूच्या गळ्यात कुलपाचं पदक आहे. लहानपणी एका मुलीशी वचन झालेलं: मोठे होऊन भेटू, तुझ्या किल्लीने हे उघडू आणि लग्न करू. ती कोण, हे त्याला आठवत नाही, आणि मग एकेक करत किल्लीवाल्या मुली हजर व्हायला लागतात. 'निसे' म्हणजे खोटं, 'कोई' म्हणजे प्रेम. कोमी नाओशी यांची ही मालिका 'शोनेन जंप' साप्ताहिकात नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१६ चालली. २२९ चॅप्टर झाले.

आता तुझ्या अक्काचा सिद्धान्त. बोलली नाही म्हणून हरली. हे वाक्य ऐकायला शहाण्यासारखं वाटतं, पण पुस्तकात टिकत नाही. माझी मारिका बघ ना. तिने पहिल्या दिवसापासून भर वर्गात राकूच्या गळ्यात पडून सांगितलं, की हा माझा. रोज सांगितलं. लहानपणी आजारपणात तो भेटायला यायचा, त्याला लांब केसांच्या, नाजूक बोलणाऱ्या मुली आवडतात असं तो म्हणाला, म्हणून या पोरीने केस वाढवले, आपली गावरान रांगडी बोली गिळून शुद्ध तुपातलं बोलायला शिकली. चिबा प्रांतातल्या कुणा वाचकाने तर पात्रांच्या लोकप्रियतेच्या मतदानात एकट्याने तिच्या नावे दीड हजारांच्या घरात मतं पाठवली होती. (मला तो माणूस फार जवळचा वाटतो. दर निवडणुकीत असा एक कार्यकर्ता असतोच, उमेदवार पडणार हे माहीत असूनही रात्रभर पत्रकं चिकटवणारा.) एवढं सगळं करून मारिका हरलीच. आणि चितोगे? तिला आपलं मन कितीतरी आधी उमगतं, तरी ती शेवटापर्यंत एक अक्षर बोलत नाही. उलट भांडते. म्हणजे जी रोज बोलली ती हरली, जी गप्प राहिली ती जिंकली, आणि दुसरी गप्प राहिलेली हरली. यातून मूग गिळण्याबद्दल कुठलाच नियम निघत नाही. अक्काला सांग, उदाहरण चुकलं.

मग राकूने चितोगेला का निवडलं? इथे तुला थोडं लागेल, पण तू २६ वर्षांची आहेस, ऐकून घे. पुस्तकात राकू आणि ओनोदेरा यांच्यात घडलं काय, ते आठवून बघ. दोघं समोरासमोर येतात, लाल होतात, काहीतरी बोलणार तेवढ्यात कुणी येतं. एवढंच, आणि तेच पुन्हा. राकू आणि चितोगे यांच्यात मात्र दिवस जातात. खोटं का होईना, दर रविवारी बाहेर जायचं, पहारेकऱ्यांना पटेल असं वागायचं, त्यावरून भांडायचं, सोमवारी तोंड फिरवायचं, मंगळवारी पुन्हा गोडीत यायचं. ओनोदेराशी त्याचं प्रेम होतं, पण तिच्यासोबत त्याचा संसार कधी झालाच नाही. चितोगेसोबत प्रेमाआधीच तो सुरू झाला होता. वचन ओनोदेराला दिलेलं होतं हे कळल्यावरही त्याचं मन बदलत नाही, ते मला खरं वाटतं. पाच वर्षांच्या पोराने दिलेल्या शब्दावर पुढचं आयुष्य काढू नये. पत्रिका जुळली म्हणून मनं जुळतात असं आपणही आता म्हणत नाही.

तेव्हा निवडीबद्दल मी तुझ्या बाजूने भांडणार नाही. पण राग खोटा आहे असंही म्हणणार नाही, कारण अन्याय झालाय. फक्त तो शेवटच्या व्हॉल्यूममध्ये झाला असं तू समजतेस. तो त्याच्या खूप आधीपासून, दर सोमवारी होत होता.

'जंप' दर सोमवारी निघतं. अंकात एक कार्ड असतं, वाचकाने त्यावर आवडत्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. ज्यांना मतं पडत नाहीत त्यांना गाशा गुंडाळावा लागतो, कथा कुठेही असो. कोमींना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. २००८ साली त्यांची 'डबल आर्ट्स' नावाची मालिका याच साप्ताहिकात सुरू झाली होती. एका मुलीला जीवघेणा रोग, एका मुलाचा हात धरलेला असेपर्यंतच ती जगणार, म्हणून दोघं हातात हात घालून प्रवासाला निघतात. मोठी सुंदर कल्पना. २३ चॅप्टरांत बंद पडली, ३ व्हॉल्यूममध्ये आटोपली. ती दोघं हात धरून वाटेतच उभी राहिली. ज्याचं एक पोर असं गेलं, तो माणूस पुढचं पोर रस्त्यावर एकटं सोडेल का? आणि प्रेमकथेत जीव टिकवायचा एकच उपाय असतो: निकाल लागू द्यायचा नाही. निकाल लागला की मालिका संपली.

आता हे डोक्यात ठेवून ओनोदेराचे प्रसंग पुन्हा बघ. संध्याकाळी रिकाम्या वर्गात ती धीर करून बोलायला लागते आणि खिडकीची काच फोडून बेसबॉल आत येतो. शाळेच्या नाटकात ती ज्युलिएट होणार, राकू रोमिओ. ऐन वेळी तिचा पाय मुरगळतो आणि ज्युलिएट होते चितोगे. तिची मैत्रीण रुरी पाच वर्षं तिला मागून ढकलते आहे, अगं बोल, आत्ता बोल, आणि प्रत्येक वेळी लेखकाच्या पोतडीतून नवा चेंडू निघतो. आपल्या संध्याकाळच्या मालिका तुला माहीत आहेत. नायिका सत्य सांगायला तोंड उघडते आणि दाराची बेल वाजते. आपण घरी बसून म्हणतो, "किती बावळट आहे ही, सांगत का नाही!" अगं, ती सांगतच होती. बेल कुणी वाजवली ते बघ.

मला ही पाच वर्षं एखाद्या लग्नमंडपासारखी दिसतात. अंतरपाट धरलेला आहे, अलीकडे ओनोदेरा, पलीकडे राकू. भटजी मंगलाष्टकामागून मंगलाष्टक म्हणताहेत. 'सावधान' म्हणून थांबतात आणि पुन्हा नवं कडवं सुरू. पाहुण्यांच्या हातातल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या. अंतरपाट काही खाली येत नाही, कारण तो खाली आला की मंडपाचं भाडं बंद. आणि पाचव्या वर्षी अंतरपाट दूर होतो तेव्हा पलीकडचा नवरदेव मागच्या मागे निघून गेलेला असतो. यात अलीकडच्या मुलीचा काय दोष? तिने बोलायचं नाही हे दर आठवड्याच्या एकोणीस-वीस पानांचं गणित होतं. तिचा भिडस्त स्वभाव नंतर त्या गणिताला चिकटवला गेला. बरं, शेवटी तिला बोलू देतात, राकूही तोंडावर सांगतो की माझंही तुझ्यावर होतं, वचनही तुझंच होतं म्हणून कळतं. किती मानाने! सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात शाल पांघरून हातात नारळ देतात, तसा दिला. तू रडलीस ती त्या नारळावर, असं मला वाटतं. नुसती हरली असती तर तू हळहळली असतीस, पण तिला आधी सगळ्या बाजूंनी बरोबर ठरवलं आणि मग घरी पाठवलं.

(माझ्या मारिकाची हार मला सोसली ती याच कारणाने. तिला सक्तीच्या लग्नातून सोडवायला सगळी पोरं मिळून धाड घालतात, ते आख्खं प्रकरण तिचं आहे. तिला तिच्या वाट्याची पानं मिळाली, भांडून मिळाली, आणि नंतर ती उपचारांसाठी अमेरिकेला निघून गेली. निरोप असा असावा.)

तू एकटी नाहीस हेही सांगते. जपानी वाचकांनी या जमातीला नावच ठेवलंय, 'माके हिरोइन', म्हणजे पडलेली नायिका. याच साप्ताहिकात २००२ ते २००५ चाललेल्या 'इचिगो १००%'मध्ये पहिल्याच चॅप्टरमध्ये गच्चीवर जी मुलगी दिसते, जिच्यापासून सगळी कथा सुरू होते, ती तोजो शेवटी बाजूला राहते आणि निशिनो जिंकते. तिथलेही लोक अजून भांडतात. पुढे २०१७ ते २०२० चाललेल्या 'बोकुबेन'मध्ये त्सुत्सुई ताइशींनी या भांडणावर तोडगाच काढला: नायिका पाच, शेवटही पाच. एकीचं लग्न लावून दिलं, मग कथा मागे नेऊन दुसरीचं, मग तिसरीचं. सगळ्यांची ताटं भरलेली, कुणी उपाशी नाही. मी पाचही वाचले आणि एकदाही डोळे ओले झाले नाहीत. कुणी हरूच शकत नसेल तर कुणी जिंकल्याचं कौतुक तरी कशाचं? तेव्हा ओनोदेरासाठी वेगळा शेवट लिहून हवा होता असं म्हणत असशील, तर एकदा ते पाच वाचून बघ. तुझं समाधान होणार नाही अशी माझी अटकळ आहे.

मला विचारशील तर हरणाऱ्याचं नीट कसं करावं, हे त्याच्या कितीतरी आधी दाखवून झालंय. ताकाहाशी रुमिको यांची 'मेझोन इक्कोकू', १९८० ते १९८७. तिथे विधवा क्योकोच्या मागे दोघं आहेत, परिस्थितीने पिचलेला गोदाई आणि श्रीमंत, देखणा, हसला की दात चमकणारा टेनिसचा प्रशिक्षक मिताका. मिताकाला कुत्र्यांची भयंकर भीती. आणि बायको कोण मिळते त्याला? कुत्र्यांवर जीव टाकणारी मुलगी. तेही एका घोटाळ्यातून: त्याच्या कुत्र्यामुळे तिची कुत्री गाभण राहते आणि याचा समज होतो की दिवस मुलीलाच गेले आहेत. टेनिसवाल्याच्या कुत्र्याचं नाव टेनिसपटूचंच, मॅकेन्रो, यावर मी अजून हसते. पण बघ, तो हरलेला माणूस म्हणून कोपऱ्यात उभा राहत नाही. त्याची वेगळी, वेडी, स्वतःची गोष्ट सुरू होते. ओनोदेराला ते मिळालं नाही, याचं वाईट वाटून घ्यायचा तुला पूर्ण हक्क आहे.

मूर्खपणाचं विचारलंस. दहावीच्या वयात सगळ्यात शांत मुलीची बाजू घेतलीस आणि दहा वर्षं धरून ठेवलीस. चुकलं म्हणशील तर एकच. तू किल्ली आणि कुलूप बघत बसलीस आणि मुखपृष्ठावरचं नाव वाचलं नाहीस. पुस्तकाचं नाव 'खोटं प्रेम' आहे. खोट्या लग्नाची मालिका सुरू झाली की आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगतं, याचं खरं लग्न होणार. कुलूप हे तुला आणि मला पुढचा अंक घ्यायला लावायचं आमिष होतं. आपण दोघीही गळाला लागलो, आणि मला त्याचा पस्तावा नाही.

व्हॉल्यूमचं. रद्दीत घालायचा विचारही करू नकोस. विकायचे असले तर आख्खा संच एकत्र वीक, सुटे गेले की मधले नुसते पडून राहतात. पण विकण्याआधी अक्काला विचारावं लागेल, कारण पैसे तुझे असले तरी वाचन दोघींचं आहे, निम्मी मालकी तिची. म्हणजे तिला फोन करणं आलंच.

तर अक्का. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ती तू घाईत लिहून पुढे गेलीस आणि मी तिथेच थांबले. तू तिला शपथ घातलीस, की शेवट सांगायचा नाही. मालिका संपली ऑगस्ट २०१६ मध्ये. म्हणजे नऊ वर्षं त्या मुलीला माहीत होतं की तू हरणार आहेस. तू दर पगाराला एक व्हॉल्यूम घेत होतीस, तिला दाखवत असशील, ओनोदेराचं कौतुक करत असशील, आणि ती ऐकून घेत होती. तिची बाजू जिंकलेली होती आणि नऊ वर्षं तिला ते मिरवता आलं नाही, फक्त तू म्हणालीस म्हणून. आता सांग, तुमच्या दोघींत मूग गिळून कोण बसलं होतं? तू शेवट वाचलास तेव्हा ती एका वाक्यात फुटली. नऊ वर्षांनी एक वाक्य. मी असते तर फटाके लावले असते.

आणि तू काय लिहिलंस? समोर आला त्यालाच हो म्हणालीस. हे वाक्य ओनोदेरासाठी नव्हतं गं. ते ठरलेल्या लग्नाच्या तोंडावर एका मुलीला लिहिलेलं आहे, जिच्या मनात आधीच शंभर शंका असतील आणि ज्या तिने कुणाला सांगितल्या नसतील. गंमत म्हणजे, तू मारलेला टोला तुझ्याच पुस्तकावर उलटतो. समोर आलेल्या माणसासोबत रोज भांडत, जुळवून घेत काय उभं राहू शकतं, हेच तर त्या २५ व्हॉल्यूममध्ये आहे. तू ते शिवी म्हणून वापरलंस.

तेव्हा माफी माग, पण नेमकी त्या एका वाक्याची. ओनोदेराबद्दलचं एक अक्षर मागे घेऊ नकोस, अक्काला ते आवडणारही नाही. मेसेज नको, फोन कर, आणि रविवारच्या आधी कर. केळवणाला आत्या, काकू, शेजारपाजार सगळे जमणार. तिथे बाजूला घेऊन बोलू म्हणशील आणि ऐन वेळी कुणीतरी "पानं घेतली गं" म्हणून हाक मारेल. बेसबॉल कसा येतो ते तुला आता माहीत आहे. फोनवर पहिलं वाक्य एवढंच: "अक्का, तुझ्या लग्नाबद्दल बोलले ते चुकलं." मग थांब, तिला बोलू दे. ती रडली तर रडू दे. ती "आणि ओनोदेरा?" म्हणाली, तर समज सगळं जागेवर आलं. मग माझा मारिकाचा मुद्दा खुशाल वापर, माझं नाव सांगू नकोस.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं आणि तुझ्याही आलं असेल: जिंकलेल्या पक्षाचं लग्न, आणि त्याचा स्वयंपाक हरलेल्या पक्षाकडे. म्हणजे तूसुद्धा केकच करायचा की काय? हो, तसंच दिसतंय. फरक इतकाच, की तुला तिचा नवरा नको आहे. त्या केकच्या पानावर तू चिडलीस, मी मात्र जरा रेंगाळले. ही तीच ओनोदेरा, घरचं मिठाईचं दुकान असून जिच्या हातचं खाऊन माणसं आडवी पडायची. दिसायला पदार्थ असा की नजर हटू नये, आणि चव अशी की पाणी मागायलाही शुद्ध उरू नये. तिच्या हातचा केक लग्नात ठेवताहेत म्हणजे मधल्या वर्षांत ती कुठेतरी उभी राहून, राकूचा विचार न करता, साखर मोजायला शिकली असणार. ती वर्षं कोमींनी रेखाटली नाहीत. मला ती वाचायची होती.

तर रविवारी ताटाभोवतीची रांगोळी, महिरप, फुलं, विडा सगळं तू कर, अक्काला आवडेल असं. तुझ्या हाताला चव कशी आहे ते पत्रात लिहिलेलं नाहीस, म्हणून आमटीला मीठ तेवढं आईला घालू दे.